घाट उतरणारे लाकूड : लोंढा–कॅसलरॉक परिसरातील रेल्वे आणि जंगल

बेळगावहून दक्षिणेस निघालेली गाडी देसूर, खानापूर, गुंजी ही स्थानके मागे टाकून लोंढ्यास पोहोचते, तेव्हा काळ्या मातीचा मुलूख संपून झाडीचा मुलूख सुरू झालेला असतो. लोंढ्यास मार्गाचे दोन फाटे होतात. एक अळणावरमार्गे धारवाड-हुबळीकडे जातो; दुसरा तिनईघाट व कॅसलरॉक गाठून सह्याद्रीच्या कड्यावरून गोव्यात उतरतो. साग, शिसव, ऐन, किंजळ आणि बांबू यांनी भरलेल्या या डोंगराळ पट्ट्यातून जड ओंडके बाहेर कसे काढावयाचे, हा प्रश्न रेल्वे येण्यापूर्वीही होता. रेल्वे आल्यानंतर त्याचे स्वरूप तेवढे बदलले.

रेल्वेपूर्व काळात या कामी नदी, बैल आणि हत्ती ही तीनच साधने होती. काळी नदी दांडेलीच्या बाजूने वाहत जाऊन सदाशिवगडापाशी समुद्रास मिळते. सागाचे लाकूड तिच्या पात्रातून किनाऱ्याकडे नेले जाई. परंतु नदी आपल्या सोयीने वाहते. ज्या गावास लाकूड हवे ते नदीच्या वरच्या अंगास, देशावर असेल, तर तिचा उपयोग नाही. धारवाड, बेळगाव, चिकोडी, निपाणी या उघड्या माळरानाच्या भागास घरबांधणीचे लाकूड हवे असे, आणि ते घाटमाथ्यावरून उलट दिशेने बैलगाडीनेच यावे लागे. निपाणीस तर आजही रेल्वे नाही. तेथे पोहोचणारे कोणतेही जड सामान शेवटचा टप्पा रस्त्यानेच पार करते.

ब्रिटिश व पोर्तुगीज सरकारांत १८७८ साली झालेल्या करारानंतर मुरगाव बंदर व घाटमाथा यांना जोडणाऱ्या मार्गाचे काम हाती घेण्यात आले आणि १८८८ साली कॅसलरॉकपर्यंतचा मार्ग खुला झाला. माथ्यावरून तो सदर्न मराठा रेल्वेच्या मार्गास मिळाला. मार्ग मीटरमापी होता, म्हणजे दोन रुळांतील अंतर एक मीटर. डोंगरात वळणे घेण्यास अरुंद माप सोयीचे व कमी खर्चाचे असते.

चढाचा हिशेब

कॅसलरॉक ते कुळे हे अंतर सुमारे २६ किलोमीटर. एवढ्या अंतरात गाडी सुमारे पाचशे मीटर खाली उतरते. वाटेत करंझोळ, दूधसागर व सोनावळी ही स्थानके आणि अनेक बोगदे लागतात. चढाचे प्रमाण सुमारे चाळीसास एक, म्हणजे चाळीस मीटर पुढे जाताना एक मीटर वर चढावयाचे. पायी चालणाऱ्यास हा चढ जाणवणारही नाही; मालगाडीस मात्र तो डोंगरच आहे. त्याचे कारण साध्या हिशेबाने कळते. चारशे टनांची गाडी सपाट रुळावरून संथपणे ओढण्यास सुमारे दोन टनांचा जोर पुरतो, कारण पोलादी चाक पोलादी रुळावर फार थोडा विरोध करते. तीच गाडी चाळीसास एक अशा चढावर घेताच तिच्या वजनाचा चाळिसावा भाग, म्हणजे दहा टन, मागे ओढू लागतो. दोन टनांचे काम बारा टनांचे होते. म्हणून घाटात एक तर गाडीचे तुकडे करावे लागतात, नाही तर मागून ढकलणारी जादा इंजिने जोडावी लागतात. त्यात पावसाळ्याची भर पडली की ओल्या रुळावर इंजिनाची चाके जागच्या जागी फिरू लागतात आणि रुळांवर वाळू सोडून ती पकड मिळवावी लागते.

चढ कठीण खरा, पण रेल्वेच्या माणसांस खरी चिंता असते ती उताराची. चढावर जोर कमी पडला तर गाडी थांबते. उतारावर ब्रेक कमी पडला तर ती थांबत नाही. चारशे टनांची गाडी पाचशे मीटर खाली येताना जी शक्ती मोकळी होते, तीतून सुमारे सहा हजार लिटर पाणी उकळीस आणता येईल. आगगाडीत ही सारी उष्णता मुख्यतः ब्रेकांवर व चाकांवर येते. म्हणूनच घाट उतरण्यापूर्वी माथ्यावर गाडी थांबवून ब्रेकांची तपासणी करावी लागते, वाटेतही गाड्या थांबवून पाहिल्या जातात, आणि ताब्याबाहेर गेलेली गाडी वळवून घेण्यासाठी घाटमार्गांवर डोंगराच्या चढाकडे नेलेले बाजूचे रूळ ठेवलेले असतात.

ओंडक्याचा स्वभाव

धान्याचे पोते ठेवले तेथे राहते. ओंडका राहत नाही; तो गोल आहे, घरंगळणे हा त्याचा स्वभावच. त्यातून प्रत्येकाची लांबी व घेर वेगळा, आणि एक टोक दुसऱ्याहून जाड. ओल्या लाकडाचे वजन तर वाळलेल्यापेक्षा पुष्कळच जास्त भरते. म्हणून ओंडके उघड्या, सपाट वाघिणींवर दोन्ही बाजूंस उभे खुंट रोवून, खाली पाचरी मारून आणि वरून साखळदंड आवळून बांधावे लागतात. जाड बुंधे खाली, हलके वर आणि जाड टोके आलटून पालटून दोन्ही दिशांस, अशी रचना केली तरच वाघीण एका अंगास झुकत नाही. गाडीच्या हादऱ्यांनी ओंडके एकमेकांत बसत जातात व घट्ट वाटलेली साखळी काही अंतरावर सैल पडते; ती वाटेत पुन्हा आवळावी लागते. फार लांब सोट दोन वाघिणींवर मिळून ठेवावयाचे झाल्यास ते फिरत्या आडव्या आधारांवर ठेवावे लागतात, अन्यथा पहिल्याच वळणावर सोट तरी सरकेल किंवा वाघीण तरी रुळावरून उतरेल. डोंगरातील मार्गावर वळणांस तोटा नसतो.

उतारालाच कामास लावण्याची युक्ती दक्षिणेत कोचीन संस्थानाने केली होती. परांबिकुळमच्या जंगलातून चालकुडीपर्यंत सुमारे ८० किलोमीटर लांबीची वन-ट्रामवे तेथे १९०७ पासून १९६३ पर्यंत चालली. अति तीव्र उतारावर लाकडाने भरलेल्या वाघिणी तारेच्या दोरास बांधून खाली सोडीत, आणि त्यांच्या वजनाने दोराच्या दुसऱ्या टोकास बांधलेल्या रिकाम्या वाघिणी आपोआप वर येत. लोंढ्याच्या घाटात अशी सोय शक्य नव्हती, कारण तो सर्व प्रकारच्या माल-प्रवासी गाड्यांचा मार्ग होता.

आपल्या भागात केवळ जंगलासाठी म्हणून जो फाटा निघाला, तो अळणावर–दांडेलीचा. १९१९ च्या सुमारास तो लाकडाच्या वाहतुकीसाठी बांधण्यात आला. येथे दूधसागरासारखा कडा नसला, तरी दांडेली काळी नदीच्या काठी सखल भागात आणि अळणावर त्याहून उंच, त्यामुळे भरलेली गाडी चढाच्या दिशेने व रिकामी उताराच्या दिशेने जाणार, ही गैरसोय होतीच. जंगलातून वखारीपर्यंत ओंडके ओढून आणण्याचे काम हत्ती, बैल आणि माणसे करीत. या जंगलांत कुणबी, गवळी व सिद्दी यांची वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या कुमरी शेतीवर निर्बंध आले. राखीव जंगलाची किंमत कोणी मोजली, याचा विचार लाकडाच्या घनफुटांबरोबर क्वचितच होतो.

रेल्वे स्वतःही लाकडाचे मोठे गिऱ्हाईक होती. एक किलोमीटर मार्गास हजाराहून अधिक स्लीपर लागतात. म्हणजे शंभर किलोमीटरला एक लाखावर. लाकडी स्लीपर ऊन, पाऊस व वाळवी यांना तोंड देत फार तर दहा-वीस वर्षे टिकतो, आणि मग पुन्हा नवा. दक्षिणेतील कित्येक मार्गांवर आरंभीच्या काळात इंजिनांतही जळाऊ लाकूडच घातले जाई. ज्या मार्गाने जंगल बाहेर जात होते, तो मार्गच जंगलावर उभा होता.

१९५५ साली गोव्याशी रेल्वेचे दळणवळण बंद पडले आणि १९६१ च्या गोवामुक्तीनंतरच ते पूर्ववत होऊ शकले. त्याच सुमारास दांडेलीस कागद कारखाना उभा राहिला व बांबूची मागणी वाढली. पुढील काळात काँक्रीटच्या स्लीपरांनी लाकडी स्लीपरांची जागा घेतली. १९८० चा वनसंवर्धन कायदा आणि १९८८ चे राष्ट्रीय वननीती धोरण यांनी जंगलाकडे केवळ उत्पन्नाचे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी बदलली. १९५६ मध्ये दांडेली अभयारण्य झाले होते; २००७ मध्ये दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प घोषित झाला व २०१५ मध्ये त्यास काळी नदीचे नाव मिळाले. खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्य २०११ चे. घाटमार्ग १९९० च्या दशकात रुंदमापी झाला आणि त्यावरून खनिज, कोळसा, पोलाद यांची अवजड वाहतूक सुरू राहिली. ओंडक्यांची वाघीण मात्र दिसेनाशी झाली.

चढाचा हिशेब बदललेला नाही. आजही या घाटात जड गाड्यांस मागून इंजिने लावावी लागतात. २३ जुलै २०२१ रोजी दूधसागर व सोनावळी यांच्या दरम्यान दरड कोसळून एक प्रवासी गाडी रुळावरून घसरली. कॅसलरॉक–कुळे मार्गाच्या दुपदरीकरणास राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मान्यता सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०२२ रोजी रद्द केली. मार्गाचा गोव्यातील भाग भगवान महावीर अभयारण्यातून जातो. दांडेलीच्या सरकारी वखारीतील ओंडका आता हातोड्याचा शिक्का मारून, लांबी व घेर मोजून लिलावात विकला जातो आणि वाहतुकीचा पास घेऊन मालमोटारीने हल्याळच्या रस्त्यास लागतो.