हिशेब खिडकीवर नको

भारतातून आलेल्या आईने एकदा विचारलं, "दिवसभर त्या पडद्यासमोर बसून तू नेमकं करतोस काय?" त्या आठवड्यात मी स्वतःचीच एक चूक निस्तरत होतो. मग तीच सांगितली.

एका वीज कंपनीसाठी बिल भरण्याचं संकेतस्थळ आम्ही केलं होतं. ग्राहकाने बटण दाबलं की त्याची मागणी प्रथम ‘कंट्रोलर’कडे येते. हा म्हणजे बँकेच्या खिडकीवरचा कारकून. कागद घ्यायचा, आत योग्य टेबलाकडे पाठवायचा, उत्तर बाहेर द्यायचं. मी मात्र मुदतीनंतरची १० दिवसांची सवलत आणि पुढचा दंड हा सारा हिशेब कंट्रोलरच्या मेथडमध्येच लिहून टाकला. (घाई होती. ती कधी नसते?)

पुढे थकबाकीची पत्रं काढणारा, रात्री आपोआप चालणारा प्रोग्राम आला. त्याला ना ब्राउझर, ना फॉर्म, ना लॉगिन केलेला ग्राहक. तो कंट्रोलरला हाक मारणार कशी? मी हिशेबाची नक्कल उचलून तिकडे चिकटवली. वर्षभराने सवलत १५ दिवसांची झाली. मी ती एकाच जागी बदलली. संकेतस्थळ म्हणे ‘दंड शून्य’, आणि त्याच ग्राहकांच्या टपालपेटीत दंडाची पत्रं! पेन्शनवर राहणाऱ्या एका बाईंनी घाबरून दंड भरूनही टाकला.

वास्तविक त्या नियमाला लागतं काय? थकलेली रक्कम, मुदतीची तारीख आणि आजची तारीख. म्हणून आता तो वेगळ्या क्लासमध्ये आहे. संकेतस्थळ आणि रात्रीचा प्रोग्राम दोघेही त्यालाच विचारतात. आजची तारीखही आम्ही बाहेरून देतो, तो स्वतः घड्याळ पाहत नाही. त्यामुळे पंधरावा दिवस, सोळावा दिवस, २९ फेब्रुवारी, सारं सर्व्हर सुरू न करता क्षणात तपासता येतं. कंट्रोलरकडे उरलं लॉगिन पाहणं, फॉर्ममधल्या अक्षरांची तारीख करणं आणि पान निवडणं.

ही विभागणी जुनीच. झेरॉक्स पार्कमध्ये नॉर्वेच्या ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी १९७९ साली मॉडेल, व्ह्यू, कंट्रोलर मांडले. वेबने पुढे ती नावं उसनी घेतली. अर्थात दोन ओळींच्या कामासाठी चार क्लास उभारणारेही भेटतात. त्यांचा प्रोग्राम वाचणं हीसुद्धा शिक्षाच.

आईने सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाली, "त्या बाईंचे पैसे मिळाले का परत?"

मिळाले. पुढच्या बिलात वळते केले.