संतोषाचा जमाखर्च : तेर ते कुंथलगिरी

संतोषावर लिहावयास बसले की आपल्याकडील लेखणी आधी पतंजलीच्या दारी जाते, तेथून गीतेकडे वळते, भर्तृहरीची शतके आणि वामन पंडिताने मराठीत उतरविलेले त्यांचे श्लोक चाळते आणि विदुरनीतीपाशी दम खाते; हे मुक्काम वाचकांच्या परिचयाचे असल्यामुळे मी ते झपाट्याने ओलांडतो. पतंजलीच्या पाच नियमांत शौचानंतर संतोषाला स्थान आहे, योगवासिष्ठाने शम, विचार आणि साधुसंग यांच्या पंक्तीला बसवून त्याला मोक्षाचा द्वारपाल केले, पाली मंगलसुत्ताने त्याची गणना मंगलांत केली, एवढे नोंदले की ग्रंथांचे दप्तर, निदान माझ्यापुरते, बंद होते.

कारण माझा जुना हट्ट असा की, हा विषय पोथीत शोधण्याऐवजी आमच्या धाराशिव जिल्ह्यात शोधावा. ‘संतोषाने देश बुडाला’ असे मोठ्या शहरांतील काही विद्वान आजवर बजावीत आले आहेत, आणि दुसरीकडे गरिबाने आहे त्यात सुख मानावे असे प्रवचन करणारे पोटभरू पंडितही उदंड झाले आहेत. या दोन्ही पक्षांची चूक एकच की, संतोषाचा उपदेश मुळात कोणाला केला होता हे ते पाहत नाहीत.

तो ज्याच्या पदरी काही आहे त्याला केला होता. आमच्याच जिल्ह्यातील तेर पाहा; ते काही उपाशी लोकांचे खेडे नव्हते. तेच प्राचीन तगर, हे संशोधक फ्लीटने १९०१ साली दाखवून दिले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर ज्या तगराचा निर्देश आहे, आणि जेथील कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे रवाना होई, ते हे पेठेचे गाव. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जिवापाड जपलेल्या वस्तूंतून तेथे जे संग्रहालय उभे राहिले, ते पाहणाऱ्याच्या मनात या गावच्या सुबत्तेविषयी शंका उरत नाही.

याच गावी, तेरणा नदीच्या काठी, पुढे संत गोरा कुंभार, म्हणजे गोरोबाकाका, झाले. संतांची परीक्षा त्यांनी थापटण्याने घेतली, मुक्ताबाईच्या सांगण्यावरून एकेकाच्या मस्तकावर थाप मारली आणि रागावलेल्या नामदेवांना कच्चे ठरविले, मग नामदेव औंढ्यास विसोबा खेचरांकडे गेले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. परंतु कीर्तनकार नामदेवांच्या फजितीवर रेंगाळतात आणि मुख्य गोष्ट निसटते. ती अशी की, परीक्षेचे साधन कुंभाराच्या हातचे होते. निवृत्तिनाथ-ज्ञानदेवांसारख्यांच्या मेळ्यात पक्के कोण हे ठरविण्याचा अधिकार ज्याला मिळाला, त्याने चाक सोडले नव्हते, आवा विझविला नव्हता, घरदारास फारकत दिली नव्हती.

भजनाच्या तंद्रीत चिखल तुडविताना काकांच्या पायाखाली गेलेल्या त्यांच्याच लेकराची कथा मात्र मला लहानपणापासून बोचत आली आहे. निजामी अमलात आमच्याकडील वृद्ध कीर्तनकार हा प्रसंग आला की आवाज खाली आणीत आणि काकांची पत्नी संती हिचा आक्रोश पुरता ऐकवूनच पुढे जात. हल्ली पेटीच्या गजरात मूल क्षणात जिवंत होते आणि आईचे दुःख कोणाच्या कानी पडत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे परंपरेने ही कथा दडविली नाही यातच तिचा प्रामाणिकपणा आहे: तल्लीनतेची किंमत घरच्यांना मोजावी लागली, हे तिने काकांच्या खात्यावर लिहून ठेवले. शके १२३९ च्या चैत्र वद्य त्रयोदशीस त्यांनी समाधी घेतली असे मानतात. तेरची यात्रा त्याच सुमारास भरते.

आता भूम तालुक्यातील कुंथलगिरी. कुलभूषण आणि देशभूषण या जैन मुनींचे हे सिद्धक्षेत्र. आचार्य शांतिसागरांनी १८ सप्टेंबर १९५५ रोजी सल्लेखनेने, म्हणजे अन्नपाणी क्रमाने सोडून, देह ठेवला तो येथेच. त्या अंतिम व्रताविषयी पुष्कळ लिहिले गेले, पण मला ओढ आहे ती श्रावकाच्या, म्हणजे बायकामुलांत राहणाऱ्या माणसाच्या, पाचव्या अणुव्रताची. परिग्रहपरिमाण हे त्याचे नाव. शेत आणि घर, चांदी आणि सोने, पशुधन आणि धान्य, नोकरचाकर, कपडे आणि भांडीकुंडी या प्रत्येकाची कमाल मर्यादा गृहस्थाने स्वतःच ठरवावी आणि ती ओलांडली तर दोष मानावा, अशी ही कैफियत तत्त्वार्थसूत्रात कलमवार मांडली आहे. कमावू नकोस असे येथे कोणी म्हणत नाही; कोठे थांबणार ते कमाई हाती येण्यापूर्वी सांग, एवढाच सवाल आहे. ज्याच्या घरी दाणा नाही त्याला या व्रताच्या कक्षेत ओढण्याचे धार्ष्ट्य जुन्या आचार्यांनी केले नाही.

ते धार्ष्ट्य आमच्या काळाने केले. अवर्षणाने पिचलेल्या, सावकाराच्या वहीत अडकलेल्या शेतकऱ्याला समाधानाचे पाठ देण्यासाठी वक्ते मोटारीतून येतात, आणि ज्यांच्या जमिनीचे सातबारे मोजता मोजता तलाठी थकावा, ते पहिल्या रांगेत बसून माना डोलावतात. एका व्याख्यानमालेच्या चालकांना मी सुचवून पाहिले की, एक दिवस परिग्रहपरिमाणासाठी राखावा आणि श्रोत्यांत गावातील मातब्बर मंडळींना अगत्याने बोलवावे. विषय रुक्ष आहे, असे उत्तर आले. त्या वर्षी संपत्ती वाढविण्याच्या युक्त्यांवर तिकीट लावून व्याख्यान झाले आणि सभागृह भरल्यामुळे काहींना उभे राहावे लागले.