पडद्यावरची यादी, चौकातले वाचन

लोकशाही आणि डिजिटल तंत्रज्ञान यांच्या नात्याची चर्चा आपल्याकडे बहुधा ऑनलाइन मतदानापासून किंवा तक्रारींच्या ॲपपासून सुरू होते. मला मात्र ती राजस्थानातील एका गावापासून सुरू करावीशी वाटते, आणि तीही संगणक तेथे पोहोचण्याच्या बऱ्याच आधीपासून.

डिसेंबर 1994 मध्ये पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली ‘जनसुनवाई’ भरवली. सरकारी कामांचे हजेरीपट आणि बिले गावकऱ्यांपुढे मोठ्याने वाचण्यात आली. जे कधी कामावर गेलेच नव्हते, त्यांच्या नावे मजुरी उचलल्याचे उघड झाले. कागद तोच होता. दप्तरात तो निरुपद्रवी होता, चौकात मात्र तो पुरावा ठरला. पुढे 1996 मध्ये ब्यावर येथे चाळीस दिवसांचे धरणे झाले आणि 2005 मध्ये देशाला माहिती अधिकार कायदा मिळाला.

या कायद्याच्या चौथ्या कलमानुसार, नागरिकाने अर्ज करण्याची वाट न पाहता शासनाने स्वतःहून माहिती प्रसिद्ध करावयाची आहे. बहुतेक ठिकाणी हे कलम कागदावरच राहिले. त्याला खरा अर्थ देण्याचा एक गंभीर प्रयत्न म्हणजे राजस्थान सरकारने सप्टेंबर 2019 मध्ये सुरू केलेले ‘जन सूचना पोर्टल’. आपल्या प्रभागातील रेशन दुकानातून कोणत्या शिधापत्रिकेवर किती धान्य उचलले गेले, निवृत्तिवेतन कोणाला मिळते, हे तेथे अर्जाविना पाहता येते. ही माहिती कशी मांडावी, याविषयी शासनाने चळवळीतील कार्यकर्त्यांशी सल्लामसलत केली होती, ही बाब मला पोर्टलइतकीच महत्त्वाची वाटते.

याउलट उदाहरण रोजगार हमीच्या कामांवरील डिजिटल हजेरीचे. 1 जानेवारी 2023 पासून सार्वजनिक कामांवर मजुरांची दिवसातून दोनदा छायाचित्रे काढून ती ॲपवर चढवणे सक्तीचे झाले. जुलै 2025 मध्ये मात्र केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना कळवावे लागले, की कामाशी संबंध नसलेली, इतकेच नव्हे तर छायाचित्रांचीच छायाचित्रे चढवली जात आहेत. तंत्रज्ञान दोन्हीकडे होते. फरक नजरेच्या दिशेत होता. एका ठिकाणी नागरिक शासनाकडे पाहत होता, तर दुसऱ्या ठिकाणी शासन मजुराकडे.

आज हा प्रश्न नव्याने उभा राहिला आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, 2023 याच्या कलम 44(3) अन्वये माहिती अधिकाराचे कलम 8(1)(ञ) बदलण्यात आले. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारण्यासाठी तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती उघड केल्याने खासगीपणावर अनाठायी आक्रमण होते, असे दाखवावे लागे. आता माहिती ‘वैयक्तिक’ आहे, एवढे कारण पुरेसे ठरू शकते. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची कलम 8(2) मधील वाट शिल्लक आहे, हे खरे. पण ती अधिकाऱ्याच्या विवेकावर अवलंबून आहे. खासगीपणाचे रक्षण हवेच. बँक खाते किंवा आजाराचा तपशील जगजाहीर होण्याचे कारण नाही. परंतु लाभार्थ्याचे नावच झाकले, तर कोटकिरानात उघडे पडलेले खोटे हजेरीपट पुन्हा निर्धास्त होतील.

म्हणून डिजिटल लोकशाहीचे मोजमाप मी ॲप किती आले यावरून करणार नाही. पडद्यावरची यादी ग्रामसभेत वाचली जाते का, ती ऐकून एखादी वृद्धा ‘हे धान्य मला मिळालेले नाही’ असे सर्वांदेखत म्हणू शकते का, आणि तिच्या म्हणण्याला ठरावीक मुदतीत उत्तर मिळते का, हे मी पाहीन. नागरिकांचा सहभाग यंत्र घडवत नाही. यंत्र फार तर त्यांच्या हाती हिशोब देते. तो हिशोब नावानिशी असला, तरच त्याचा जाब विचारता येतो.