रूप, वर्ण आणि नाते : ऑस्ट्रेलियातील मूलनिवासी स्त्रियांचा स्त्रीत्वविचार

स्त्रीच्या सौंदर्याची चर्चा बहुधा पाहणाऱ्याच्या बाजूने होते. पाहणारा परका आणि सत्ताधारी असला, म्हणजे सौंदर्याची व्याख्या हाही सत्तेचाच एक व्यवहार ठरतो. ऑस्ट्रेलियातील मूलनिवासी, म्हणजेच ॲबॉरिजिनल, स्त्रियांच्या साहित्यात ह्या व्याख्येची जी पुनर्मांडणी झाली, तिचे मर्म ही पार्श्वभूमी ध्यानात घेतल्यावाचून कळत नाही.

वसाहतकाळातील गोऱ्या पुरुषांच्या बोलीत मूलनिवासी स्त्रीला 'ब्लॅक व्हेल्व्हेट', म्हणजे काळी मखमल, म्हणत. वरवर पाहता ही स्तुती वाटते. वस्तुतः तीत स्त्रीची उपभोग्य वस्तू झालेली आहे. मखमलीला नाव नसते, कूळ नसते आणि नकारही देता येत नाही.

शासनाने तर वर्णालाच वर्गवारीचे साधन केले. विसाव्या शतकात, १९७० च्या सुमारापर्यंत, मूलनिवासी कुटुंबांतील मुले, विशेषतः मिश्र वंशाची व उजळ कांतीची, हिरावून नेली जात. ती गोऱ्या समाजात विरून जावीत, हा त्यामागील हेतू होता. १९९७ च्या 'ब्रिंगिंग देम होम' ह्या राष्ट्रीय चौकशी-अहवालात एक आठवण नोंदलेली आहे : पोलिसांना लांबून मुले काळीच दिसावीत म्हणून घरची माणसे कोळशाची पूड चरबीत कालवून त्यांच्या अंगाला फाशीत. हे दृष्ट लागू नये म्हणून लावलेले तीट नव्हे. उजळ वर्णाला भूषण मानणाऱ्या वाचकाने येथे क्षणभर थांबावे. येथे उजळपणा ताटातुटीचे निमित्त आहे आणि काळेपणा हे मायेने घातलेले पांघरूण आहे.

मार्गारेट टकर यांचे 'इफ एव्हरीवन केअर्ड' हे आत्मचरित्र १९७७ साली प्रसिद्ध झाले. १९१७ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, त्यांना आईपासून तोडून कूटामंड्रा येथील मुलींच्या संस्थेत नेण्यात आले. तेथे मुलींना मोलकरणीच्या कामासाठी तयार करीत. गृहिणीपणाचा जो आदर्श गोऱ्या स्त्रीपुढे होता, तो मूलनिवासी मुलीच्या वाट्याला परक्या घरची राबणूक म्हणून आला. आयलीन मोरटन-रॉबिन्सन यांच्या 'टॉकिन अप टु द व्हाइट वूमन' (२०००) ह्या ग्रंथातील स्त्रीवादाच्या चिकित्सेचे मूळ ह्याच अनुभवात आहे. 'स्त्री' ह्या सामान्यनामात गोरेपण गृहीत धरलेले असते, आणि घराबाहेर पडलेल्या गोऱ्या स्त्रीच्या मुक्तीचा हिशेब तिच्या घरात राबणाऱ्या स्त्रीला वगळून पुरा होत नाही.

ह्या नकारासोबत नवी स्थापनाही आहे. रिटा हगिन्स व त्यांची कन्या जॅकी यांच्या 'आँटी रिटा' (१९९४) ह्या पुस्तकात आईचे कथन आणि लेकीचे भाष्य असे दोन स्वर शेजारी शेजारी नांदतात. शीर्षकातील 'आँटी' हे केवळ रक्ताचे नाते नव्हे. समाजात वडीलधाऱ्या स्त्रीला मिळणारे ते मानाचे संबोधन आहे. मखमलीची किंमत तारुण्याबरोबर उतरते, तर आँटीचा अधिकार वयाबरोबर वाढतो. स्त्रीत्वाचे माप रूपाकडून नात्याकडे सरकते ते येथे.

हाच पालट दृश्य माध्यमातही घडला. चार्ल्स शॉव्हेल यांच्या 'जेड्डा' (१९५५) ह्या चित्रपटातील मूलनिवासी मुलगी गोऱ्या बाईच्या घरी वाढते, आणि कड्यावरून कोसळून तिचा अंत होतो. तरुण, सुंदर आणि मृत अशी ती प्रेक्षकांच्या स्मरणात राहिली. ट्रेसी मॉफट यांनी 'नाइट क्राइज' (१९८९) ह्या लघुपटात तिला जिवंत ठेवले. मध्यमवयीन झालेली मुलगी मरणोन्मुख गोऱ्या आईची शुश्रूषा करीत आहे. तिच्या चेहऱ्यावर शीण आहे, चीड आहे आणि सुटता न सुटणारी ओढही आहे. तो चेहरा कोणाला सुखवीत नाही, आणि म्हणूनच तो तिचा स्वतःचा आहे.

मूलनिवासी समाज शेकडो भाषांत व गणांत विभागलेले असल्याने ह्या लेखनातून सौंदर्याची एकच सर्वमान्य व्याख्या काढणे अयुक्त होईल. तथापि एक प्रश्न मात्र बदलला आहे. 'ही दिसते कशी?' ह्याच्या जागी 'ही कोणाची, आणि हिच्या आधाराने कोण उभे आहे?' हा प्रश्न आला, आणि तो विचारण्याचा अधिकार पाहणाऱ्याकडून त्या स्त्रीकडे व तिच्या आप्तांकडे आला.