निमंत्रणपत्रिकेत न मावलेलं

सोलापुरात नव्या पेठेतल्या एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर आमच्या लोककला मंडळाच्या बैठका भरतात. वेळ रात्री नऊनंतरची, कारण त्याआधी नव्या पेठेत गाडी लावायला जागा शोधणं ही स्वतंत्र लोककला आहे. मंडळाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर वर्गणीचं पुस्तक तुमच्या दारात उभं राहील. येत्या हिवाळ्यात, गड्ड्याची जत्रा भरायच्या आत, आमच्या तीन संध्याकाळी आहेत : पहिली लावणी-शाहिरीची, दुसरी कलगी-तुऱ्याची आणि कानडी गीगी पदांची, तिसरी गोंधळाची. पत्रिकेत काय असेल ते तुम्हांला पाठ आहे. 'मातीतली अस्सल कला', 'लोप पावत चाललेला वारसा', दीपप्रज्वलन, सत्कार, आभार. माझ्याकडे 'रंगमंच व्यवस्था' हे खातं आहे. म्हणजे पडद्यापुढे जे जमतं ते अध्यक्षांचं आणि पडद्यामागे जे फसतं ते माझं.

पत्रिकेवर पदाधिकाऱ्यांची नावं कोणत्या क्रमानं छापायची, यावर यंदा बैठकांमागून बैठका झडल्या. अखेर एका समंजस सदस्यानं तोडगा काढला : मानपान नको, वशिला नको, सरळ अकारविल्हे छापा. केवढ्या टाळ्या पडल्या! समंजस सदस्यांचं नाव 'अ'पासून सुरू होतं, हे मसुदा छापखान्यातून आल्यावर ध्यानात आलं. कलावंतांची नावं? ती शेवटच्या पानावर बारीक टायपात आहेत. बरेचसे 'व इतर' या घराण्यातले.

तारखेचं त्याहून अवघड. काही वर्षांपूर्वी एका नवख्या, अतिउत्साही सदस्यांनी सुचवलं होतं, की गोंधळ कोजागरीलाच ठेवावा. चांदणं, मसाला दूध आणि संबळ, असा तिहेरी योग. मुरलेल्या सोलापूरकरांनी खाली बघितलं, पण अध्यक्षांना कल्पना आवडल्यामुळे कुणी तोंड उघडलं नाही. कोजागरीच्या सुमारास सोलापूर तुळजापूरच्या वाटेवर असतं. पंचेचाळीस किलोमीटर रस्ता पायी चालणाऱ्यांनी भरून जातो, वाहनं दुसरीकडून वळवतात. त्या रात्री सभागृहात आम्ही होतो आणि दूध होतं. आठ वाजले तरी गोंधळी येईना, म्हणून फोन लावला. तिकडून आई राजा उदो उदोच्या गजरात आवाज आला, "मी तामलवाडीला पोचलो की मालक. तुम्ही कुठंयत?"

यंदाची पहिली संध्याकाळ राम जोशींच्या नावानं आहे. माणूस सोलापूरचा. वेदशास्त्रसंपन्न घरातला हा मुलगा धोंडी शाहिराच्या फडात रमला, म्हणून थोरले बंधू मुद्गल जोशी यांनी त्याला घराबाहेर काढलं, ही हकिगत १९४७च्या 'लोकशाहीर राम जोशी'नं घरोघर पोचवली. त्या चित्रपटाच्या पडद्यामागची हकिगत मात्र मला जास्त चवदार वाटते. व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शन सोपवलं होतं बाबूराव पेंटरांवर, म्हणजे कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत ज्यांच्या हाताखाली ते स्वतः शिकले त्या गुरूंवर. गदिमांची लेखणी, वसंत देसाईंचं संगीत, जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर. सगळं जुळून आलेलं. गुरूंचं आणि निर्मात्याचं तेवढं जुळेना. अखेर शिष्यानं सूत्रं आपल्या हाती घेतली आणि श्रेयनामावलीत दोघांची नावं आली. वडीलधाऱ्यांनी बाहेर काढलेल्या शाहिराचा चित्रपट पुरा करताना इथं शिष्यानंच वडीलधाऱ्याला आदरानं बाजूला बसवलं. पडद्यावर यातलं काहीच दिसत नाही; तो चित्रपट इतका चालला, की मराठीत तमाशापटांची रांग लागली.

मुद्गल जोशींचा आत्मा आमच्या मंडळातही वावरत असतो. "घरंदाज प्रेक्षक येणार, तेव्हा राम जोशींच्या फक्त सात्त्विक रचना घ्याव्यात," असं एका सदस्यांनी बजावलं आणि यादीही करून आणली. गाणाऱ्या बाईंना ती तालमीच्या वेळी दाखवली. बाई मोडनिंबच्या संगीतबारीत वाढलेल्या. यादी वाचून पदर तोंडाला लावून हसल्या. "ही तिसरी तुम्हाला देवाची वाटली होय दादा?" असं म्हणून जागच्या जागी बसल्या आणि बैठकीच्या लावणीला जशी अदा करतात तशी, न उठता नुसते डोळे, मनगट आणि पदराचं टोक वापरून त्यांनी ती सादर केली. शब्द सगळे देवाचेच होते. बैठकीत जी शांतता पसरली ती काही देवळातली नव्हे. यादीकर्त्यांनी घसा साफ केला आणि ठराव मांडला, की रचना सात्त्विकच आहे, फक्त खात्रीसाठी तिची तालीम आणखी एकदा व्हावी.

आता हलगीचं. ओलसर हवेत तिचं कातडं सैल पडतं, म्हणून वाजवायच्या आधी ती शेकावी लागते. गावाकडे पाचटाचा जाळ करतात. सभागृहात जाळ केला तर प्रेक्षकांच्या आधी अग्निशमनची गाडी यायची. आमच्या हलगीवाल्या अण्णांनी यावर केव्हाच तोड काढलेली होती : विंगेतल्या हजार वॅटच्या हॅलोजनपुढे हलगी धरायची, दोन मिनिटांत कातडं टणक. प्रकाशयोजनेत हलगी बसत नाही, पण हलगी प्रकाशयोजनेत कायम बसलेली असायची. मग एका वर्षी सभागृहात एलईडी दिवे आले. अण्णांनी हलगी धरली, पाच मिनिटं धरली, दहा मिनिटं धरली. "उजेड हाय मालक, ऊब न्हाई ओ ह्याच्यात!"

पोरगं पळालं आणि एका कापडदुकानातून इस्त्री घेऊन आलं. दुकानदारानं प्रेमानं नवी, वाफेची इस्त्री दिलेली. वाफ लागल्यावर हलगी ओल्या पापडासारखी लोंबली. शेवटी अण्णा बाहेर चहाच्या गाडीवर गेले, स्टोव्हवर हलगी शेकली आणि कातडं बोलतंय का बघायला हलकेच एक तुकडा वाजवला. मग दुसरा. रस्त्यावरची माणसं थांबली, सभागृहात बसलेली बाहेर आली, चहावाल्यानं दोनदा दूध वाढवलं. आत अध्यक्षांचं प्रास्ताविक चालू होतं. मंडळाच्या इतिहासात इतक्या शांततेत पार पडलेलं ते एकमेव प्रास्ताविक. यंदा मी दोन जुने हॅलोजन भाड्यानं सांगून ठेवले आहेत. खर्चाच्या खात्यात 'वाद्य-देखभाल' लिहिलंय.

'अस्सल' या शब्दाचा सगळ्यांत जास्त ताप अस्सल कलावंतांना होतो, हे माझं जुनं मत. पंढरपुरात जन्मलेल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांची गोष्ट महाराष्ट्राला तोंडपाठ आहे : ऐन खेळात कळा आल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर यायला निघाल्या. भाषणात ती सांगितली की टाळी ठरलेली. आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्यांनीही ती सांगितली, अगदी रंगवून. रुमाल डोळ्यांना लावला. त्या वेळी पुढच्या लावणीसाठी आलेल्या बायका विंगेत अर्ध्या मेकअपवर, पायांत चाळ न बांधता ताटकळत उभ्या होत्या. त्यांची कपडे बदलायची खोली पाहुण्यांच्या विश्रांतीसाठी घेतली होती आणि पाहुण्यांची बॅग आत ठेवून तिला कुलूप लावलं होतं. टाळ्या थांबल्यावर त्यांतल्या सगळ्यांत वयस्क बाई कुणालाही उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाल्या, "विठाबाईंना निदान राहुटी तरी व्हती."

यंदा त्या खोलीची किल्ली बाईंकडे राहणार आहे. पाहुणे पॅसेजमध्ये विश्रांती घेतील.

शाहिरीच्या भागात अमर शेखांचं नाव येणारच. बार्शीचा हा महबूब हुसेन पटेल गाडीवर क्लीनर होता, गिरणीत राबला, पुढे अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक घेऊन महाराष्ट्रभर हिंडला. त्यांचा आवाज मैदानाच्या पार टोकाला जायचा, ही आठवण जुन्या मंडळींनी इतकी घोटली आहे, की आमच्याकडचा एक तरुण शाहीर माईकच नको म्हणून अडून बसला. ध्वनिव्यवस्थावाला हातघाईवर आला; त्याचं भाडं माईकच्या संख्येवर. शाहिराच्या पुढे पाच माईक उभे राहिले. दुसऱ्याच पोवाड्यात कुठंतरी वायर सुटली आणि सगळे पाचही मुके झाले. शाहीर डफावर थाप मारत गातच राहिला, शेवटच्या रांगेनंही दाद दिली. यंत्रणा बंद असल्याचं खुद्द यंत्रणावाल्याला मध्यंतरात कळलं. बिल पाचही माईकचं आलं, शिवाय शेरा : 'ध्वनी उत्तम'.

कलगी-तुऱ्याचा वाद तुम्हांला सांगायला नको. तुरेवाले शिवाला थोर मानतात, कलगीवाले शक्तीला, आणि सवाल-जवाबात रात्र सरते. कानडी मुलखात हाच तंटा हरदेशी-नागेशी या नावानं गीगी पदांतून चालतो. डफ तोच, तुणतुणं तेच. आपल्याकडे झीलकरी 'जी जी' धरतात, तिकडे 'गी गी'. सोलापूरला दोन्ही घरचंच. हे ठाऊक नसलेला एक निवेदक आम्ही पुण्याहून मानधन देऊन आणला. त्यानं मधाळ आवाजात सांगितलं, की पदं कानडीत असल्यानं रसिकांसाठी तो प्रत्येक कडव्याचा भावार्थ सांगेल. पहिला भावार्थ झाला. मधल्या रांगेतून एक आजोबा उठले, "तसं न्हाई ते. पुन्हा सांगा." दुसऱ्या भावार्थाला चार जण उठले. तिसऱ्या कडव्यानंतर निवेदक पहिल्या रांगेत येऊन बसला आणि भावार्थ त्याला सांगण्यात आला.

त्याच रात्री कलगी आणि तुरा असे भिडले, की पहिल्या रांगेतला एक कट्टर तुरेवाला बाह्या सरसावून उठला. कलगीवाल्यांनी त्याच्या शाहिराला कोड्यात अडकवलं होतं. दोन्ही पार्ट्या एकमेकींची सात पिढ्यांची अक्कल काढत होत्या. प्रेक्षकांना दिसलं नाही ते असं : तुरेवाल्यांच्या तुणतुण्याची तार तुटली, तेव्हा कलगीवाल्यांच्याच झीलकऱ्यानं आपली जादा तार खालून पुढे सरकवली आणि वर तोंडानं शिव्या चालूच ठेवल्या. खेळ संपल्यावर दोन्ही फड एकाच टेंपोत चढले. भाडं निम्मं निम्मं. कट्टर तुरेवाल्याची शेवटची एसटी चुकली होती. त्यालाही त्याच टेंपोत जागा मिळाली, दोन्ही शाहिरांच्या मधोमध. अक्कलकोटपर्यंत तो गप्प होता, असं ड्रायव्हर सांगतो.

मैदानावरच्या कार्यक्रमांचा शत्रू एकच, घड्याळ. तमाशा उजाडेपर्यंत चालायचा हे खरं, पण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहाला कर्णे बंद केले. मध्यरात्रीपर्यंतची सवलत वर्षात फार तर पंधरा दिवस, आणि ते दिवस गणपती-नवरात्रात संपून जातात. एकदा आमचा वग ऐन दरबारात पोचला होता. राजाला न्याय द्यायचा होता, प्रधान लाच खाऊन बसला होता. दहाला पाच कमी असताना एक हवालदार विंगेत आले आणि मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून उभे राहिले. सोंगाड्यानं त्यांना पाहिलं. आम्ही नको नको म्हणेपर्यंत त्यानं हात धरून त्यांना बोर्डावर ओढलं, "महाराज, साक्षीदार गावला!"

हवालदार क्षणभर गडबडले. मग टोपी नीट केली, प्रधानाकडे रोखून बघितलं आणि खड्या आवाजात म्हणाले, "दहा वाजले. कोर्ट तहकूब! प्रधानाला खाली जीपमध्ये बसवा." त्या रात्रीची सगळ्यांत मोठी टाळी ती. वगाचा शेवट काय होता ते कुणी विचारलंही नाही. पुढच्या वर्षी सोंगाड्यानं मला निरोप धाडला, की बाकी नट कोणीही चालतील, पण बंदोबस्ताला तेच साहेब मिळतात का ते बघा.

राहता राहिला गोंधळ. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि जागरण-गोंधळाची सुपारी आमच्या मानधनाच्या कितीतरी पट असते, त्यामुळे तामलवाडीवाल्या मामांनी यंदा पुतण्याला पाठवायचं कबूल केलंय. पुतण्या नव्या पेठेत येऊन भेटला. बूट, जीन्स, कानात इयरफोन. मंडळाच्या तोंडावरचा 'अस्सल' लगेच कोमेजला. त्यानं फक्त विचारलं, "टाइम किती?"

"पंचेचाळीस मिनिटं."

तो हसला. "काका, पंचेचाळीस मिनिटांत आमचं देव बोलवूनच होत न्हाई. तुळजापूर, कोल्हापूर, माहूर, जेजुरी, पंढरपूर... सगळ्यांना आवतन द्यावं लागतंय. कुणाला गाळू तेवढं सांगा."

कोणत्या देवाला गाळायचं यावर मंडळात मतदान घेणं परवडलं नसतं. शेवटी तोड त्यानंच काढली. दुपारी चारपासून ग्रीनरूममध्ये चौक मांडून, दिवटी पाजळून तो आवतनं देत बसेल. साडेसहाला पडदा उघडेल तेव्हा देव येऊन बसलेले असतील आणि कथा थेट सुरू होईल. दिवटीपाशी पाण्याच्या दोन बादल्या ठेवायचं मी मान्य केलंय. दारावरच्या रखवालदाराला एवढंच सांगायचं राहिलंय, की त्या दुपारी बरेच जण पासशिवाय आत येणार आहेत.