मोहरीच्या गोतातली पपई

रविवारी सकाळी बडोद्याच्या गोरव्यात फरसाणाच्या दुकानापुढे रांग लागते ती फाफड्यासाठी, पण पुडी हातात पडताच गिऱ्हाईक विचारते, ‘संभारो नाख्यो ने?’ संभारो म्हणजे कच्च्या पपईचा कीस. तेलात मोहरी तडतडली की हळद, हिरवी मिरची आणि वर हा कीस. दोनदा परतला की झाला. पिढ्यान् पिढ्या बडोद्यात राहिलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांत तो पोळीबरोबरही खपतो. संभारो पचायला मदत करतो, असे दुकानदार सांगतो. बेसनाच्या त्या ढिगाऱ्यापुढे चिमूटभर कीस काय करणार, अशी मला शंका आहे. पण त्या कढईत एक गंमत घडते, ती खरी. मोहरी आणि पपई एकाच गणातल्या वनस्पती. कोबी आणि मुळाही त्याच गोतातले. पपईच्या कुळाला सगळ्यांत जवळचे कूळ शेवग्याचे. आमच्या परसात पपई आणि शेवगा शेजारी शेजारी उभे आहेत आणि कुणालाही त्यांचे नाते दिसत नाही.

नाते कळते ते जिभेला. पिकलेल्या पपईची काळी बी चावून पाहा. मोहरीसारखा, मुळ्यासारखा झणका नाकात जातो. बी अखंड असते तेव्हा तिखटपणा नसतो. एक गंधकयुक्त पदार्थ आणि त्याला फोडणारे विकर बियांत वेगवेगळे ठेवलेले असतात. दाताखाली दोन्ही एकत्र आले की बेंझिल आयसोथायोसायनेट तयार होते. मोहरी वाटल्यावर लोणचे झणझणते तेही याच तऱ्हेने. वाळलेली पपईची बी मिऱ्यांसारखी दिसते, म्हणून भेसळवाल्यांनाही ती आवडते. पाण्यात टाकली तर चांगली मिरी तळाशी जातात, पपईची बी तरंगते.

बीतला झणका हे पपईचे एक हत्यार, दुसरे म्हणजे चीक. कच्ची पपई किसायला घेताना आई हाताला तेल लावते. न लावल्यास संध्याकाळपर्यंत बोटे चुरचुरतात. हा चीक प्रथिने तोडतो आणि आपली कातडीही प्रथिनांचीच. त्यातल्या मुख्य विकराला 1879 मध्ये फ्रान्समध्ये वुर्ट्झ आणि बूशू यांनी ‘पापेन’ असे नाव दिले. आजही पाचक गोळ्यांत ते असते. मटणाला कच्च्या पपईचे वाटण लावतात ते त्याच्यासाठीच. कच्च्या फळाला पहाटे उभे चरे पाडून चीक गोळा करतात. फळ पिकत जाते तसा तो ओसरतो. पपईचे मिल्कशेक करून तासभर ठेवले की कडू होते, त्यामागेही उरलेसुरले पापेनच. दुधातल्या केसिनचे ते कडवट तुकडे करते. म्हणून ग्लास भरला की लगेच प्यावा.

हे सगळे झाड कुणासाठी करते? अळ्यांसाठी. 2004 मध्ये कोतारो कोन्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमध्ये एक साधा प्रयोग केला. एरी रेशमाच्या अळ्यांना पपईची पाने खायला दिली. ही अळी एरंडावर पोसली जाते. आपल्याकडचे वैद्य पपईला एरंडकर्कटी म्हणतात, कारण तिचे पान एरंडासारखे दिसते. अळ्या मात्र फसल्या नाहीत, मेल्या. मग पानांच्या पट्ट्या कापून चीक धुऊन टाकला, तेव्हा त्याच अळ्या त्याच पानांवर धष्टपुष्ट झाल्या. पापेन निकामी करणारे रसायन पानावर लावले, तरीही तेच. गुजरातभर पसरलेला एरंड आणि परसातली पपई यांतला फरक पांढऱ्या थेंबाचा आहे!

गरोदर बाईला पपई देऊ नये, ही आजीची आज्ञा याच चिकाशी जोडलेली. सिंगापूरच्या संशोधकांनी 2002 मध्ये उंदरांवर पाहिले, तर पिकलेल्या पपईच्या रसाने गर्भाशयावर परिणाम झाला नाही, कच्च्या फळाच्या चिकाने मात्र ते आकसले. म्हणजे आजी कच्च्या पपईबाबत बरोबर होती, पिकलेलीवर तिने उगाच बंदी घातली.

घरी पपई लावणाऱ्याला चिकापेक्षा जास्त सतावते ते लिंग. बी पेरावी, चार-सहा महिने रोपाचे लाड करावेत आणि एक दिवस लांब दांड्यांवर लोंबणारे फुलांचे झुबके दिसावेत, म्हणजे झाड नर! शेजारच्या मासी म्हणतात, खोडात खिळा ठोक, मादी होईल. खिळ्याने खोड कुजते, बाकी काही होत नाही. पपईत मादी, नर आणि उभयलिंगी अशी तिन्ही झाडे असतात आणि खेळ गुणसूत्रांचा असतो. मादीचे फळ गोल, उभयलिंगीचे लांबट, म्हणून बाजाराला दुसरे आवडते. उभयलिंगी फुलात स्वतःचेच पराग पडले तर चौथा हिस्सा बिया मुळात जगतच नाहीत. उरलेल्यांत दोन उभयलिंगी आणि एक मादी असा हिशेब निघतो. बाजारातल्या रेड लेडीसारख्या संकरित फळाची बी लावली, तर पोर आईसारखे निघेल याची हमी नाही. म्हणून एका खड्ड्यात तीन रोपे लावायची आणि कळ्या दिसल्यावर नको ती उपटायची. आमच्या परसात मन घट्ट करून हे काम वडील करतात. आईला जमत नाही.

पपईचे झाड दणकट दिसले तरी ते झाड म्हणण्यापुरतेच. खोड आतून पोकळ, लाकूड जवळपास नाही, सालीतल्या तंतूंच्या जोरावर ते उभे राहते. पानाचे देठही पोकळ; लहानपणी आम्ही त्यातून साबणाचे फुगे सोडायचो. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीने बडोदा बुडवले, त्या पावसात आमच्या परसातही दोन दिवस पाणी साचले. पपईच्या मुळांना हवा लागते, तुंबलेल्या पाण्यात ती लगेच कुजतात. पाणी ओसरल्यावर खालची पाने पिवळी पडली, चौथ्या दिवशी झाड कलंडले. अंगावर अकरा कच्ची फळे होती. त्या आठवड्यात सगळ्या गल्लीत आमचाच संभारो गेला.

यंदा एका पिकल्या फळाची बी राखेत चोळून घेतली. बियांभोवतीचे बुळबुळीत आवरण उगवण रोखते, ते काढायलाच हवे. अठराव्या दिवशी कोंब वर आले. या वेळी परसात मातीचा हातभर उंच वरंबा केला आहे. त्यावर तीन रोपे आहेत, वडील रोज सकाळी चष्मा लावून कळ्या शोधतात.