इंधन कार्ड व पतव्यवहार

मालवाहतूकदार, प्रवासी वाहतूक संस्था इ. व्यावसायिकांना आपल्या वाहनांसाठी रोख पैसे न देता इंधन घेता यावे, म्हणून तेल कंपनी अथवा तिच्याशी संलग्न बँक वा वित्तसंस्था जे कार्ड देते, त्यास इंधन कार्ड म्हणतात. अमेरिकेतील तेल कंपन्यांनी १९२० च्या दशकात आपल्या पंपांपुरती अशी पतपत्रे दिली. भारतात इंडियन ऑइल (एक्स्ट्रापॉवर), भारत पेट्रोलियम (स्मार्टफ्लीट) व हिंदुस्थान पेट्रोलियम (ड्राइव्ह ट्रॅक प्लस) या कंपन्यांनी अशा योजना काढल्या. चालकाजवळ रोकड ठेवावी लागत नाही व प्रत्येक वाहनाच्या इंधनाचा हिशेब मिळतो, हे त्यांचे मुख्य लाभ होत.

कार्डाचे दोन प्रकार आहेत : आगाऊ भरलेल्या रकमेवर चालणारे व उधारीवर चालणारे. दुसऱ्या प्रकारासाठी अर्ज करणे म्हणजे वस्तुतः कर्जाचा करार करणे होय. म्हणून अर्जदाराने पुढील अटी नीट समजून घेणे आवश्यक असते.

पतमुदत : जाहीर केलेली मुदत व प्रत्यक्ष मिळणारी मुदत यांत अंतर असते. समजा, देयक दर १५ दिवसांनी निघते व त्यानंतर ७ दिवसांत पैसे भरावयाचे आहेत. पहिल्या दिवशीच्या खरेदीस २१ दिवस मिळतात, परंतु पंधराव्या दिवशीच्या खरेदीस केवळ ७. सरासरी १४ दिवस पडते. वाहतूकदारास भाडे ४५ दिवसांनी मिळत असेल, तर उरलेल्या ३१ दिवसांचा भार त्यालाच सोसावा लागतो. रोज १०,००० रु. इंधन लागत असल्यास ही गुंतवणूक ३,१०,००० रु. होते.

पतमर्यादा : मर्यादा एका देयकाच्या रकमेवरून ठरविणे चुकीचे असते. वरील उदाहरणात देयक १,५०,००० रुपयांचे असले, तरी ते भरण्याच्या दिवसापर्यंत नवीन खरेदी चालूच राहते व एकूण येणे २,२०,००० रुपयांपर्यंत जाते. मर्यादा १,५०,००० रुपयांचीच असल्यास सोळाव्या दिवशी कार्ड चालत नाही आणि मालाने भरलेली गाडी वाटेतच अडकून पडते.

आकार : व्याज नाही असे सांगितले, तरी प्रत्येक खरेदीवर सेवा आकार असू शकतो. सरासरी १४ दिवसांच्या उधारीवरील १ टक्का आकार हा वार्षिक सुमारे २६ टक्के व्याजाइतका भरतो. विलंबाबद्दलचा दरमहा २ टक्के दरही सरळ व्याजाने वर्षाला २४ टक्के होतो. काही करारांत देयकाचा अंशतः भरणा केल्यास संपूर्ण रकमेवर खरेदीच्या तारखेपासून व्याज आकारले जाते. इंधनावर मिळणारी सूट या सर्व खर्चांच्या तुलनेत पाहावी लागते.

हमी : कर्ज देणारी संस्था ठेव, बँक हमी किंवा मालकाची, भागीदारांची वा संचालकांची वैयक्तिक हमी मागते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळी तरतूद नसल्यास, हमीदाराचे दायित्व मूळ ऋणकोइतकेच असते. त्यामुळे खाजगी कंपनीची मर्यादित जबाबदारी संचालकाच्या सहीने त्याच्यापुरती निरर्थक ठरते. अखंड हमी पुढील व्यवहारांपुरती धनकोस सूचना देऊन मागे घेता येते (कलम १३०). आधीच्या येण्याची जबाबदारी मात्र कायम राहते. म्हणून भागीदारी वा संचालकपद सोडणाऱ्याने ही सूचना लेखी देणे हिताचे असते. थकबाकीची नोंद पतमाहिती कंपन्यांकडे गेल्यास पुढे वाहनकर्ज मिळणेही अवघड होते.

सारांश, इंधन कार्डामुळे खर्चाचे नियंत्रण सुलभ होते. परंतु भाडेवसुलीस लागणारा काळ त्यामुळे कमी होत नाही. देयकाची मुदत व वसुलीची मुदत यांचा मेळ बसत असेल, तेवढ्याच मर्यादेचे कार्ड व्यवसायास उपकारक ठरते.